तारेला ढकलता येत नाही

कल्पना करा, तुम्ही एका उंच गाडीत पुढच्या सीटवर बसला आहात. समोर तांबड्या खडीचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं आहेत आणि रस्त्याच्या मधोमध एक कांगारू उभा आहे. तुमची आई ब्रेक दाबते. गाडीचं नाक खाली जातं, पुढची चाकं फिरायची थांबतात, पण गाडी थांबत नाही. ती खडीवरून घसरतच जाते. आई स्टिअरिंग वळवते, तरी गाडी वळत नाही. शेवटी कांगारूच कंटाळल्यासारखा बाजूला होतो.

घाबरलात ना? ब्रॉन्विनही घाबरली होती. घरी तिला सगळे ब्रॉन म्हणत.

"ही गाडी मी घाटातून उतरवणार नाही," अंगणात उतरता उतरता हेझल म्हणाली. हेझल म्हणजे ब्रॉनची आई. तिचं मेंढ्यांचं मोठं कुरण पठारावर होतं आणि गाव घाटाच्या पायथ्याशी.

"पण शनिवारी गावात पिपची स्पर्धा आहे," ब्रॉन म्हणाली.

पिप तिची कुत्री. मेंढ्या वळवून फाटकातून आत घालण्याच्या स्पर्धेत ती पहिल्यांदाच उतरणार होती. वर्षभर ब्रॉनने तिला शिट्टीवर चालायला शिकवलं होतं. घरचा ट्रक लोकर घेऊन बंदरावर गेला होता आणि तो रविवारी परतणार होता. उरली ही गाडी.

"मग हिला सरळ थांबायला शिकवा," हेझल म्हणाली.

हे वॉलीमामाला लागलं. गाडी त्यानेच उंच केली होती. ओढ्यातल्या दगडांवर पोट घासतं म्हणून त्याने स्प्रिंगचे नवे पाटे घातले, मोठे टायर लावले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गाडीभोवती फिरवून आणलं.

"ब्रेकला काय धाड भरलीय? पुढचे पॅड कोरे आहेत," तो म्हणाला.

"पुढचेच तर चिकटतात, मामा. मागचे काही करतच नाहीत."

"तू कधीपासून मेकॅनिक झालीस गं?"

"शनिवारपर्यंतच होणार आहे," ब्रॉन म्हणाली.

मामा हसला आणि जॅक आणायला गेला. गाडी मजबूत लोखंडी टेकूंवर ठेवून दोघं पाठीवर झोपून खाली सरकली.

आता आपणही त्यांच्याबरोबर खाली जाऊ. वर गाडीचा सांगाडा आहे. त्याखाली मागच्या दोन चाकांना जोडणारा जाड ॲक्सल आहे. सांगाड्याला एक छोटा व्हॉल्व्ह लावलाय आणि त्यातून एक दांडी बाहेर आलीय. गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात ओझं टाकलं की सांगाडा खाली दबतो, ॲक्सल जवळ येतो आणि ॲक्सलवरची सळी त्या दांडीला वर ढकलते. तेव्हा व्हॉल्व्हला कळतं की मागे ओझं आहे, मागच्या चाकांना जास्त ब्रेक द्या. हौदा रिकामा असला की दांडी खाली राहते, मागचा ब्रेक कमी होतो. हलक्या चाकांना जास्त ब्रेक दिला तर ती अडकतात, म्हणून ही सोय.

"ही तार कसली?" ब्रॉनने विचारलं.

सळी आणि दांडीच्या मध्ये कुंपणाची तार पीळ देऊन बांधलेली होती.

"गाडी उंच झाली, सळी पुरेना. मग बांधली तार." मामा अभिमानाने म्हणाला. "या कुरणात तारेने बांधलेलं काही सुटलंय का आजवर? तुझ्या आजोबांचा चष्मासुद्धा तारेवरच होता."

तारेला नावं ठेवायची ब्रॉनची तयारी नव्हती. कोंबड्यांचं दार, पाण्याचा पंप, तिच्या सायकलचा मडगार्ड, सगळं तारेवरच चाललं होतं. ती बाहेर आली आणि म्हणाली, "गाडी खाली घे. मी बघते, तू हौद्यात चढ."

"मी का?"

"तू जड आहेस म्हणून."

मामा कुरकुरत चढला. ब्रॉन बाहेरूनच चाकामागे वाकून बघत होती. "उड्या मार," ती म्हणाली. मामाने दोन उड्या मारल्या. हेझल ओट्यावर चहा पीत होती, तिला ठसका लागला.

ब्रॉनला दिसलं ते असं. मामा उडी मारायचा तेव्हा सांगाडा खाली जायचा आणि तार ढिली पडून वाकायची. दांडी मात्र जागची हलत नव्हती.

"मामा, तार ओढू शकते. तिला ढकलता येत नाही," ती म्हणाली. "तू हौद्यात हत्ती आणून ठेवलास तरी व्हॉल्व्हला वाटणार, मागे कोणीच नाही."

मामा वाकून बघत राहिला. मग हौद्याच्या कडेवर बसला. "च्यायला," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने तार काढली आणि ॲक्सलवर एक लोखंडी ठोकळा बसवून त्यावर सळी उभी केली. सळी आता पुरली. मागच्या ब्रेकची एवढी उपासमार झाली होती, म्हणून ठोकळा त्याने मुद्दाम जरा उंच घेतला. जेवताना एखाद्याला आग्रह करतात तसा.

पलीकडे वाळलेल्या तळ्याचं मैदान होतं. तिथे हेझलने रिकामी गाडी पळवली आणि ब्रेक दाबला. यावेळी नाक खाली गेलं नाही, पण शेपूट फिरलं. गाडी धुळीत गिरकी घेऊन, जिकडून आली तिकडेच तोंड करून उभी राहिली.

हेझल शांतपणे उतरली. "वॉली, मला पुढे जायचं होतं."

त्या संध्याकाळी हातात उद्याचा एकच दिवस उरला होता. जेवताना तिचं लक्ष धाकट्या चुलतभावाच्या रिकाम्या खुर्चीकडे गेलं. तो सुट्टीत आला की त्याच्या खुर्चीवर पाट ठेवायचे. पाट कमी उंच असला तर ताट हाताला येत नसे, जास्त उंच असला तर गुडघे टेबलाला अडकत.

"मामा, गाडी किती उंच केलीस?"

"बोटं लावून दाखवू का?"

"हो. तेवढाच ठोकळा हवा. कमी नाही, जास्त नाही. मग दांडी पहिल्या जागी येईल आणि व्हॉल्व्हला कळणारही नाही की गाडी वाढलीय."

मामाने चमचा खाली ठेवला. "अगं, मग उद्या हेही करून बघू."

सकाळी त्यांनी जुन्या आणि नव्या पाट्यांवरच्या उंचीतला फरक मोजला, ठोकळा तेवढाच कापला आणि बोल्ट आवळले. मैदानावर हेझलने आधी रिकामी गाडी थांबवली, मग हौद्यात मेंढ्यांच्या खाद्याची पोती टाकून थांबवली. दोन्ही वेळा चाकांचे पट्टे मातीत सरळ उमटले. हेझल ते पट्टे चालत शेवटपर्यंत बघून आली.

"उजाडल्यावर निघू," ती म्हणाली.

शनिवारी ब्रॉनने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. पिप मागे पिंजऱ्यात होती. घाटाच्या सर्वांत तीव्र उतारावर हेझलने मुद्दाम ब्रेक दाबला. खडी करकरली आणि गाडी सरळ थांबली. हेझलने हँडब्रेक ओढला, उतरून चाकांपुढे दगड लावले आणि लेकीकडे बघितलं.

"नवं काम आहे. बोल्ट कोण बघणार?"

ब्रॉनने दार उघडलं, पाना घेतला, आणि पांढऱ्या शर्टासकट तांबड्या मातीत पाठीवर झोपून गाडीखाली सरकली.