तळ नसलेली पिशवी

मी एक तळ नसलेली पिशवी बोलतेय. काल रात्रभर माझा डोळा लागला नाही, कारण आज मला धुणार आहेत.

हसा. धुण्याला कोण घाबरतं? आपण उगाच बाऊ करतोय का, असं मलाही दहादा वाटलं. पण शेडमध्ये येऊन गेलेल्या त्या हॉलिसचं बोलणं आठवलं आणि पित्त पुन्हा खवळलं.

जाड कॅनव्हासची, नरसाळ्याच्या आकाराची मी, दोन्ही तोंडांनी उघडी. हिच्यात काय राहणार, असं लोक म्हणतात. अहो, राहायला मी नाहीच मुळी! दोराला बांधून पाण्यात टाकलं की मी समुद्र पोटात घेते आणि मागे ओढून धरते. पाण्यावर उतरणाऱ्या गस्ती विमानाला ब्रेक नसतो. त्याचा ब्रेक मी.

वेंडेल बील त्या विमानावर मेकॅनिक होता. नौदलातला, विशीतला, अमेरिकेच्या मेन राज्यातल्या लॉबस्टर पकडणाऱ्यांच्या घरातला. मला तोच वाळवायचा, तोच गुंडाळून ठेवायचा. तासन्‌तास खाली पाण्यात शत्रूची पाणबुडी शोधायची, गार झालेली कॉफी प्यायची आणि काहीच न दिसता परतायचं. त्याचं युद्ध बहुतेक दिवस एवढंच असे.

एका सकाळी मात्र खाली तेलवाहू जहाज जळताना दिसलं. भोवती काळी डोकी तरंगत होती.

लाटा उंच होत्या, तरी पायलटनं विमान उतरवलं. वेंडेलनं मला बाजूच्या खिडकीतून फेकलं आणि दोर हाताला गुंडाळला. माणसं तेलानं अशी माखलेली, की धरायला जावं तर निसटत. बाकीचे एकेकाला आत ओढत होते. एक जण मात्र वाहत वाहत माझ्याकडे आला. त्यानं माझी कड गच्च धरली.

"सोडू नकोस, दोस्ता! आलोच मी!" वेंडेल ओरडला. तो उडी मारणार, तेवढ्यात पुढून पायलटचा आवाज आला, "दोर सोडलास तर विमान गर्रकन फिरेल, वेंडेल! पंखे पाण्यातल्या माणसांवर जातील!"

वेंडेलनं दोर सोडला नाही. जीव खाऊन ओढत राहिला. माझ्या कडेवरची बोटं घसरत घसरत गेली.

दोर न सोडल्याबद्दल त्याला पदक मिळालं. घसरून गेलेला तो कोण होता, हे त्याला कधीच कळलं नाही.

युद्ध संपल्यावर तो मला घेऊन घरी आला. पदक बैठकीच्या खोलीत मखमलीवर आणि मी शेडमध्ये खुंटीला. ह्याचा मला राग नाही, खरंच. खुंटी त्यानंच ठोकली. त्याच्या बायकोनं एकदा माझ्यात बटाटे भरले. ते अर्थातच खालून घरंगळले. ती हसली, आणि तो तिच्यावर ओरडला. जन्मात एकदाच.

राग येतो तो मे महिन्यात, युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाच्या संचलनाला. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "वेंडेल, किती पाणबुड्या बुडवल्यास रे?"

"एकही नाही."

"बघा, किती साधा माणूस!" म्हणून सगळे त्याच्या पाठीवर थाप मारतात. अरे, खरं बोलतोय तो! पुढे विचारा ना, मग काय केलंस म्हणून. विचारतच नाहीत. त्यांना बँडची घाई.

यंदा त्या संचलनाचा कारभारी हॉलिस शेडमध्ये शिरला आणि मला पाहून खूश झाला. "हिला पदकाशेजारी मांडू! पण लॉर्ना, जरा धुऊन दे बाई. शाळेची पोरं बघणार. ही घाण बरी दिसत नाही."

घाण! पदकाला पॉलिश आणि मला ब्लीच!

लॉर्ना वेंडेलची मुलगी. तिला तरी काय बोलू? तिची फीबी पाच वर्षांची, दम्याची. जुन्या कापडाला बुरशी असेल, पोरीला त्रास होईल, ह्या काळजीत ती बिचारी. तिला कुणी काही सांगितलेलंच नाही.

आज अंगणात टब मांडला. ब्लीचचा वास आला, तशी माझी शिवण न्‌ शिवण आकसली.

"बाबा, हे कसले हो डाग?" लॉर्नानं विचारलं.

वेंडेल दारात उभा होता. त्यानं घसा खाकरला. मला वाटलं, आता बोलेल.

"तेल," तो म्हणाला.

"मग गरम पाणी लागेल." ती किटली आणायला वळली.

बोल की रे, माणसा! दोर धरलास तेव्हा धरलास, आता तोंडही आयुष्यभर धरून बसणार का?

लॉर्ना परत आली. मला उचलून टबावर धरलं. फीबी वाकून माझी कड निरखत होती. आता ही 'ई, घाण' म्हणणार, अशी माझी खात्रीच झाली. पण तिनं आपला तळवा त्या डागावर ठेवला. एकेक बोट तिथं उमटलेल्या काळ्या बोटांवर नीट बसवलं.

"आई, थांब," ती म्हणाली. "ह्यानं अजून धरलंय."