कुरडयांचं छप्पर

“मी शिडी धरणार नाही हां!” सिद्धेश खालून ओरडला. “आई, ऐकतेयस ना? आय अ‍ॅम सीरियस!”

नको धरूस, म्हटलं. मी तोवर वर पोचलेसुद्धा होते. स्वयंपाकघरावरचं हे मागचं छप्पर बसकं आहे, उतारही बेताचा. गुडघे कुरकुरतात, पण एवढं मला अजून चढता येतं. अंगात नवऱ्याची, रवींद्रची, जुनी पँट, कमरेला घट्ट बांधलेली ओढणी, पायात रबरी तळव्याचे बूट. शेजारची इला कुंपणापलीकडून तोंडावर हात ठेवून बघत होती.

“कांचन, अगं पडशील!”

“पडले तर तुझ्याच अंगणात पडेन. झेल मला.”

सिद्धेश माझा एकुलता एक. टेक्ससमधल्या प्लेनोला मोठी नोकरी, मोठं घर, सून गुणी, माझी काही तक्रार नाही. गेल्या आठवड्यातल्या पावसात माझ्या जेवणाच्या टेबलावर टपटप गळायला लागलं. मी फोनवर सहज बोलून गेले, तर साहेब विमानाने इथे आयसेलिनला हजर! आल्या आल्या छपराचा कंत्राटदार बोलावला. त्याने वर जाऊन फोटो काढले, मान हलवली आणि सांगितलं, शिंगल्स, म्हणजे छपरावरच्या डांबरी पट्ट्या, म्हाताऱ्या झाल्यात, सगळं छप्पर बदला. त्यावर माझ्या लेकाने भलताच तोडगा काढला. घरच विकायचं आणि आईला टेक्ससला न्यायचं. छप्पर म्हातारं झालं म्हणून म्हातारीलाच हलवायचं! आज सकाळी एजंट बाई घराचे फोटो काढायला येणार होती. हे मला काल रात्री जेवताना कळलं, तेही भाजी वाढून झाल्यावर.

असा संताप आला म्हणून सांगू! ओक ट्री रोडवरच्या साडीच्या दुकानात वर्षानुवर्षं फॉल-पिको करत मी डोळे फोडले, ते याच घरासाठी. रवींद्र वेअरहाऊसमध्ये उभा राहून राहून पायांचं मातेरं करून बसला, तेही याच घरासाठी. तो गेला, आता घर माझ्या नावावर आहे. मी एकटी राहते आणि नीट राहते.

गळती कुठून होते हे शोधायला मला कुणाची गरज नव्हती. दर उन्हाळ्यात माझं वाळवण असायचं. अंगणात घातलं की खारी सगळं फस्त करायच्या. सांडगे तर पळवायच्याच, वर कुंपणावर बसून माझ्यादेखत खायच्या. मग रवींद्रने या छपरावर कापड पसरून वर जाळी ताणायची सोय केली. जाळीसाठी सरळ शिंगल्समधून चार हुक ठोकले. कुरडया अशा खणखणीत वाळायच्या की विचारू नका. पण आता ते हुक गंजले होते, भोकं रुंदावली होती आणि पाणी तिथूनच आत शिरत होतं.

“बाबांनी छपराला होल्स पाडले, आई! हू डझ दॅट?” सिद्धेश म्हणाला. “तो कॉन्ट्रॅक्टर हसत होता.”

“हसू दे मेल्याला. त्याने जन्मात कुरडई खाल्लीये का?”

सकाळचा गारवा होता, हेच बरं असतं. ऊन तापलं की शिंगल्स मऊ पडतात, पायाखाली त्यांच्यावरची बारीक खडी सुटते. पूर्वी रवींद्र वर बसून दुरुस्ती करायचा तेव्हा मी त्याच्या हातात खिळे द्यायची, त्यामुळे सगळं पाहिलेलं होतं. प्रत्येक हुकापाशी सपाट पट्टी सरकवून वरच्या शिंगलची कड हलकेच उचलली, खालचे खिळे उपटले, फाटकी शिंगल ओढून काढली. खालची फळी ओलसर होती, पण कुजली नव्हती. तिच्यावर डांबर थापलं, रवींद्रने जपून ठेवलेली नवी शिंगल आत सरकवली, खिळे ठोकले, प्रत्येक डोक्यावर डांबराचा ठिपका दिला आणि वरची कड पुन्हा दाबून बसवली. फॉलचा टाका साडीच्या उजव्या बाजूने दिसता कामा नये, तसाच हा खिळा दिसता कामा नये.

हुक मात्र हट्टी निघाले. शेवटचा उपटताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? रवींद्रने कापडी टोपी घालून, तोंडात खिळे धरून ते ठोकले होते. पण मी एकही ठेवला नाही. आठवण म्हणून छपराला भोक ठेवायला मी काही वेडी नाही.

खाली बघते तर सिद्धेश शिडी धरून उभा. धरणार नाही म्हणाला होता ना!

“झालं ना? आता ये खाली. एजंट येईल एवढ्यात.”

“तिला फोन कर. कॅन्सल कर, मग उतरते.” आणि मी छपरावर मांडी ठोकून बसले.

“आई, हे इमोशनल ब्लॅकमेल आहे, यार!”

“आहेच! तू तिकीट काढून आलास, मी छपरावर चढून बसले. ज्याला जे जमतं ते त्याने करावं.”

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. शिडीला कपाळ टेकवून म्हणाला, “मला तिकडे झोप लागत नाही, आई. तू फोन उचलला नाहीस की मी इला मावशीला कॉल करतो, माहितीये तुला? बाबा गेले तेव्हा मी एअरपोर्टवरच होतो. परत तसं नको व्हायला.”

वाटलं, उतरावं आणि जवळ घ्यावं त्याला. पण उतरले असते तर घर गेलं असतं.

“तुझी काळजी खरी आहे रे, राजा,” मी म्हटलं. “पण तुझ्या काळजीपायी मी तुझ्याकडे पाहुणी होणार नाही. तिथे चहाचं भांडं कुठे ठेवायचं, हेसुद्धा मला सुनेला विचारावं लागतं. इथे अंधारात हात घातला तरी सापडतं.”

तेवढ्यात दारात गाडी थांबली. एजंट बाई छानसा कोट घालून बाजूच्या वाटेने मागे आली आणि माझ्याकडे बघून थबकलीच. मी वरूनच माझ्या इंग्रजीत ठणकावलं, “धिस हाऊस इज नॉट फॉर सेल! सॉरी फॉर युवर ट्रबल!”

ती सिद्धेशकडे बघायला लागली. सिद्धेशने वर माझ्याकडे पाहिलं.

“शी इज द ओनर,” तो म्हणाला. “शी सेज नो.”

बाई गेली. कुंपणापलीकडे इलाने चक्क टाळ्या वाजवल्या.

मग मी खाली उतरले. सिद्धेशने बागेची नळी घेऊन छपरावर पाणी सोडलं, चांगलं धो धो. मी आत टेबलापाशी मान वर करून उभी राहिले. एक थेंब आला नाही.

माझे हात डांबराने काळे झाले होते. साबणाने काही जाईना. मग सिद्धेशने वाटीत गोडं तेल घेतलं, मला खुर्चीत बसवलं आणि माझं एकेक बोट चोळायला लागला. लहानपणी त्याला तेल लावताना पळून जायचा गाढव.

“हे छप्पर अजून किती टिकेल, आई?” त्याने मान खाली घालूनच विचारलं.

“माझ्यापुरतं टिकेल.”

मधल्या बोटावरचं डांबर केव्हाच निघालं होतं, तरी तो तेच बोट चोळत राहिला.