एक किलो दोनशे

कनकलताचा उजवा हात कानापर्यंत जातो. तिथून वर नाही. वेणीचा शेवटचा पेड रोज थोरली बहीण वत्सलाक्का घालते.

*

तिरुवैयारूच्या बसला पाच पूल लागतात. बसायला जागा मिळाली तर पूल कधी आला आणि कधी गेला कळतही नाही. उभं राहावं लागलं तर प्रत्येक चढावर पिशवी खांदा मागते.

*

टायपिस्टला तोंड नसतं. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण तंजावूरच्या कोर्टात पंख्यालाही ठाऊक आहे. अगदीच थांबवायचं झालं तर टायपिस्टनं एक बोट वर करायचं. कनकलतानं चोवीस वर्षांत ते एकदाही केलेलं नाही.

*

तळ्ळुपडी, म्हणजे सवलत, शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. दुकानाच्या काचेवर लाल रंगात लिहिलं आहे. नंतर पोंगल, आणि पोंगलनंतर पुन्हा पूर्ण किंमत.

*

"अक्का, एक किलो दोनशे ग्रॅम फक्त! दोन नारळ घेऊन देवळात निघालां असं समजा."

सतीशकुमारनं ते चंदेरी यंत्र एका हातावर तोलून दाखवलं. तो राजवाड्यामागच्या गल्लीतला, लहानपणी कनकलताच्या ओट्यावर खेळलेला. आता त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि बोलण्यात दुकानदाराची साखर आली होती.

काउंटरवर दोन लॅपटॉप उघडे होते. चंदेरी पातळ होता, परदेशातून आलेला, दोन वर्षं काचेच्या कपाटात शोभेला बसलेला. काळा जाड होता. तीन किलो चारशे, आणि वायरीचा ठोकळा वेगळा. सवलत वजा केल्यावर दोघांची किंमत जवळपास एकच होती. पैशाचा प्रश्न असता तर सोपं झालं असतं. वत्सलाक्कानं शाळेतून निवृत्त होताना मिळालेल्या रकमेतून जे दिलं होतं, त्यात कोणताही बसला असता. प्रश्न खांद्याचा होता आणि बोटांचा होता.

"हा काळा मणजे घोडा," सतीशकुमार म्हणाला. "कितीही पळवा."

"आणि हा?"

"हे हरीण."

"हरणाला नांगराला कोण जुंपतं रे?"

"तुम्हाला नांगरायचं कोठं आहे, अक्का? साक्षच लिहायची ना!"

साक्षच लिहायची होती. मागल्या वर्षी कायदा बदलला. आता साक्षीदारानं कोर्टात यायलाच पाहिजे असं राहिलं नव्हतं. कोर्टानं नेमलेला वकील, म्हणजे कमिशनर, त्याच्या घरी जाऊन साक्ष नोंदवी. रघुपती वकिलांना अशी कामं बरीच मिळू लागली होती आणि त्यांनी आवारातल्या झाडाखाली बसणाऱ्या कनकलताला स्पष्टच सांगितलं होतं. "कनकलताबाई, तो लोखंडी टाइपरायटर घेऊन मी गावोगाव कोठं हिंडू? लॅपटॉप घ्या, साक्षी तुमच्या. नाहीतर झेरॉक्सच्या दुकानातली ती मुलगी तयार आहे." झाडाखाली आता दिवसाला दोन अर्ज येत. कधी तेही नाही.

कनकलतानं चंदेरी यंत्रावर इंग्रजीत एक परिच्छेद बडवला. अक्षरं बोटांबरोबर आली. वायर भिंतीत खोचलेली होती, तिकडे तिनं पाहिलं नाही. टाइपरायटरला वायर कुठे असते?

"उद्या साक्ष आहे मणतां ना? तर घेऊन जा," सतीशकुमार म्हणाला. "तमिळ फाँट घालून देतो. सहाच्या आत आणून द्या, नाहीतर ठेवून घ्या. पण सहाच्या पुढं मला बोलू नका."

*

शनिवारी सकाळी वत्सलाक्कानं वेणीचा पेड घातला आणि यंत्राकडे पाहून म्हणाली, "अप्पळ-पापडाच्या डब्यावाणी आहे की गं. यात अख्खी साक्ष मावेल?"

तिरुवैयारूच्या बसमध्ये जागा नव्हती. एका हातानं दांडा धरून, पिशवी दुखऱ्या खांद्याला लावून ती उभी राहिली आणि पहिल्या पुलाच्या चढाची वाट पाहू लागली. चढ आला, गेला. दुसरा गेला. पाचवा पूल लागला तेव्हा तिनं खाली पाहिलं. त्या वर्षी कावेरीत पाणी सोडलंच नव्हतं, वाळूत कुणीतरी म्हशी बांधल्या होत्या. आणि तिच्या लक्षात आलं की खांदा दुखायचं विसरूनच गेला होता. हेच घ्यायचं, तिनं ठरवून टाकलं. रघुपती वकिलांची गाडी बसला ओलांडून पुढे गेली. गाडीत दोन्ही बाजूंचे वकील, फायली आणि छोटा प्रिंटर. टायपिस्टनं बसनं यायचं, ही रीत.

साक्ष शेषम्मांची होती. वय चौऱ्याऐंशी. राहतं घर त्यांनी चौदा वर्षांपूर्वी आपल्या नावे करून दिलं, असं पुतण्याचं म्हणणं. मी दिलंच नाही, असं त्यांचं. त्या खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. पुतण्याचे वकील गोविंदराजन खुर्चीत पुढे सरकून बसले. शेषम्मांच्या वकिलांना ताप होता. ते आले होते, पण नसल्यासारखेच. कनकलतानं स्टुलावर यंत्र मांडलं, भिंतीत वायर लावली.

अकरापर्यंत सगळं सुरळीत चाललं. अकराला वीज गेली.

"बॅटरी आहे ना?" रघुपतींनी विचारलं.

"आहे, सार."

पडदा जरा मंद झाला, एवढंच. तिनं नजर वर उचलली. टायपिंग शिकवताना पहिल्या दिवशी मास्तर डोळ्यांवर रुमाल बांधत. कागदाकडे पाहायचं नाही, बोटांकडे तर नाहीच. कान आणि डोळे बोलणाऱ्याच्या तोंडावर. ती शेषम्मांच्या ओठांकडे पाहत राहिली. म्हातारीला तीनच दात, पण शब्द स्वच्छ. तमिळमध्ये बोलत होत्या, ठाम. गोविंदराजन प्रश्नावर प्रश्न टाकत होते, उत्तर संपायच्या आत पुढचा.

मग यंत्रातून बारीक आवाज आला. टिक. टिक टिक.

कनकलतानं खाली पाहिलं. पडद्यावर अजून मागल्या मागचा प्रश्न चालू होता. तमिळ अक्षरं एकेक करून येत होती, बसमधून म्हातारी माणसं उतरतात तशी. आणि प्रत्येक टिक म्हणजे एक अक्षर दाराबाहेरच राहत होतं. बॅटरीवर हे यंत्र निम्म्या वेगानं चालतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

प्रश्न : त्या दिवशी तुम्ही रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेला होता की नाही?

उत्तर : गेले होते, पण

कनकलतानं बोट वर केलं.

शेषम्मा थांबल्या. त्यांना त्या बोटाचा अर्थ ठाऊक नव्हता. मोठ्या माणसांनी गप्प बसवलं एवढंच त्यांना कळलं. पडद्यावर अक्षरं उतरत होती. एक. मग एक. बाहेर कुणीतरी उसाच्या मोळ्या उतरवत होतं, त्याचा धप्प आवाज. पाऊण मिनिट गेलं असेल. कनकलतानं मान हलवली : चालू द्या.

शेषम्मा तिच्याकडे पाहत राहिल्या. मग मराठीत, अगदी घरातल्यासारखं, त्यांनी तिलाच विचारलं, "काय मणत होत्यें गं मी?"

कनकलताला ठाऊक होतं. तो 'पण' तिच्या बोटांत अजून गरम होता. पण सांगणं म्हणजे साक्षीदाराला शिकवणं. तिनं नजर पडद्यावर वळवली.

"नोंद घ्या, सार," गोविंदराजन पाठ टेकत म्हणाले. घाई संपल्यासारखे. "रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेल्याचं कबूल केल्यावर साक्षीदार गप्प झाली. बराच वेळ. साक्षीदाराचं वागणं नोंदवायचा तुम्हाला अधिकार आहे."

रघुपतींनी चष्मा काढला, पुसला, घातला. "आहे खरा." शेषम्मांच्या वकिलांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. रघुपतींनी सांगायला सुरुवात केली, "लिहा. गेल्याचं कबूल केल्यावर साक्षीदार बराच वेळ निरुत्तर..."

बोटं कळांवर होती. हलली नाहीत.

हे वाक्य उमटलं की त्याच्याखाली शेषम्मांचा अंगठा येणार. कोर्टात कुणी वाचेल तेव्हा ही खोली नसेल, हे बोट नसेल. फक्त म्हातारीचं गप्प बसणं असेल. आणि यंत्राचं सांगितलं, तर झेरॉक्सच्या दुकानातली मुलगी तयारच होती.

"कनकलताबाई?"

"सार, त्या गप्प बसल्या नाहीत." आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "मी बसवलं. यंत्र मागं पडलं. त्या 'गेले होते, पण' मट्ल्या, तिथं मी बोट वर केलं."

गोविंदराजन हसले. "अरे वा! आता टायपिस्टचीही साक्ष घ्यायची काय? तिलाही शपथ द्या, सार. उलटतपासणी मी करतो."

"करा," कनकलता म्हणाली. हे तर तिला म्हणायचंच नव्हतं.

रघुपती तिच्याकडे वळले. ते हळू आणि मराठीत बोलले, म्हणून जास्त लागलं. "मागं पडतंय तर आणलंत कसाला?"

खांदा, पूल, बस, यातलं काही कमिशनरपुढे मांडण्यासारखं नव्हतं.

"लिहा," रघुपती म्हणाले. "टायपिस्टच्या यंत्रातील दोषामुळे साक्ष मध्येच थांबवावी लागली. उत्तर अपुरं राहिलं आहे." मग त्यांनी फाइलीतून फुलस्केप कागद काढले. "आणि ते बंद करा. पुढचं हातानं घ्या. गोविंदराजन, एका वेळी एक प्रश्न. बाई यंत्र नाहीत."

"यंत्रही यंत्र नाही, असं दिसतंय," गोविंदराजन म्हणाले. पण रजिस्ट्रारच्या ऑफिसाचा प्रश्न त्यांनी पुन्हा, हळू विचारला.

शेषम्मांनी डोळे मिटले. कनकलताची लेखणी कागदावर टेकून राहिली.

"गेले होते," शेवटी त्या म्हणाल्या. "पण लग्नाची नोंद आहे, मोठं माणूस हवं, मणून पुतण्यानं नेलं मला. तिथं शाई पुढं केली. मी मूठ मिटून बसले. माझी मूठ उघडायला दोघं लागली असती. तो एकटाच होता."

"मग कागदावरचा अंगठा कुणाचा?"

"ज्यानं कागद केला त्याला विचारा, सामी. माझा माझ्याकडं आहे."

कनकलतानं शब्दाला शब्द लिहिलं. लिहायला मनगट पुरतं, खांदा लागत नाही. अकरा पानं झाली. रघुपतींनी प्रत्येक पान मोठ्यानं वाचून दाखवलं. मग शाईची डबी पुढे केली, तेव्हा शेषम्मांनी आधी डबीकडे पाहिलं, नंतर कनकलताकडे. आणि मूठ उघडली.

*

गाडीत बसताना रघुपतींनी काच खाली केली. "पोंगलनंतरच्या मंगळवारी पापनाशमला साक्ष आहे."

कनकलता चालता चालता थांबली.

"त्या मुलीला अजून काही सांगितलेलं नाही मी," ते म्हणाले, आणि काच वर गेली.

*

दुकानात ती पोहोचली तेव्हा सहाला वीस मिनिटं होती.

"हरीण आवडलं?" सतीशकुमारनं विचारलं.

"फार."

"मग बिल करतो."

"त्या काळ्याची वायर काढ."

"अं?"

"काढ वायर. बॅटरीवर बघू दे. तमिळ घाल." ती स्टुलावर बसली, कळांवर बोटं ठेवली आणि त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. "आता बोल."

"काय बोलू?"

"काहीही. फक्त थांबू नक्को."

सतीशकुमार आधी लाजला, मग सुटला. पोंगलला सासरी जायचंय, सासूला रेशमी पट्टुसाडी, मेव्हण्याला मोबाइल, बायको मणते तुम्ही दुकानातच झोपा, आणि तो समोरचा नवा दुकानदार, त्यानं तर परवा माझंच गिऱ्हाईक माझ्याच पायरीवरून ओढून नेलं, मेला. तिनं पडदा त्याच्याकडे फिरवला. शेवटच्या 'मेला'सकट सगळं होतं.

"अय्यो! हे पण लिहिलंत?"

"एकही सोडलं नाही यानं," ती म्हणाली.

"पण अक्का, उचलून तरी पाहा. तुमचा खांदा, बस, त्यात ती गर्दी. घोडा आपल्याला नेतो, हा घोडा तुम्हाला न्यावा लागेल."

तिनं पिशवीत काळं यंत्र घातलं, वायरीचा ठोकळा घातला. पट्टा उजव्या खांद्यावर घेतला आणि लगेच काढला. डाव्यावर घेतला. पायरी उतरताना एक बाजू खाली गेली, चालणं वाकडं झालं.

"ऑटो बोलावू?"

"मंगळवारी तू येणारेस ऑटो बोलवायला? बघू दे मला."

घर तिथून चालत दहा मिनिटं. पहिल्या कोपऱ्यापर्यंत ती न थांबता गेली. मग एका अनोळखी घराच्या ओट्यावर पिशवी ठेवली, शंभर आकडे मोजले, उचलली. पुढे उसाच्या गाडीच्या कडेवर टेकवली. गाडीवाल्यानं विचारलं, "ऊस घ्यायचाय का, अम्मा?" तिनं मान हलवली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा पिशवी खाली ठेवली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि तशीच चालू लागली. असं धरलं तर जमत होतं. समोरून येणारी माणसं वाट देत होती.

शेषम्मांची साक्ष कोर्टात मोठ्यानं वाचली गेली ती साडेआठ वर्षांनी, दोन हजार अकरा सालच्या ऑगस्टात. वाचायला नऊ मिनिटं लागली.