दादाचा गुलाबी रंग

आमच्या दादाला फोटो काढून घ्यायचा भारी कंटाळा, पण फुकट निघत असेल तर तो तयार असतो. धाकट्या भावाचा, म्हणजे माझाच, स्टुडिओ असल्यामुळे गेली वीस वर्षं फुकटच निघतोय. परवा ऑफिसच्या ओळखपत्रासाठी आला, स्टुलावर बसला आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, "नाक जरा कमी कर."

संगणकावर बघतो तर चेहरा पिवळा. मी दिव्याला शिव्या घातल्या, दिवा बदलला, पुन्हा काढला. पुन्हा पिवळा. मग आमच्या धंद्यात करतात तेच केलं, पिवळा रंग कमी केला. दादा मस्त गुलाबी झाला, पण त्याचा पांढरा शर्ट निळसर पडला. म्हणजे दिवा आधीपासून बरोबर होता. एवढं कळायला माझ्यासारख्या अनुभवी माणसाला दहा मिनिटं लागली.

"दादा, खिडकीशी ये. डोळे मोठे कर."

"नाक राहू दे, आता डोळे वाढव!"

डोळ्यांतलं पांढरं पिवळंधमक होतं. मी स्टुडिओ बंद केला आणि त्याला तसाच दवाखान्यात नेला.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कावीळ ही नुसती खूण आहे. बिघडलंय लिव्हर. रक्तातलं पिवळं त्याला बाहेर टाकता येत नाही, ते अंगावर दिसतंय. दारू घेता?"

"फक्त शनिवारी," दादा म्हणाला.

"यांच्या आठवड्यात चार शनिवार येतात," वहिनी म्हणाल्या.

"पिवळेपणा कधीपासून आहे?"

रोज बघणाऱ्या वहिनींना सांगता येईना. मी स्टुडिओत पळालो आणि चार महिन्यांपूर्वी काढलेला दोघांचा मूळ फोटो शोधला. वहिनींच्या शेजारी दादा फिकट पिवळा, आणि त्यांच्या घरी भिंतीवर टांगलेल्या प्रतीत टवटवीत गुलाबी. तेव्हाही त्याचा रंग मीच सुधारला होता. स्वतःच्या कौशल्याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मूळ फोटो बघून डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला. "दुखणं जुनं आहे. आता एक थेंब जरी घेतलात, तर लिव्हर वाचवणं माझ्या हातात राहणार नाही."

दादाला दवाखान्यात ठेवलं. दूरगावी शिकणाऱ्या त्याच्या मुलीला आम्ही किरकोळ ताप म्हणून सांगितलं होतं. तिने बाबांचा फोटो मागितला.

"पाठव," दादा म्हणाला, "पण जरा गुलाबी कर. पोरगी घाबरेल."

मी आयुष्यात दादाला कधी नाही म्हटलेलं नाही. पडदा सारून उजेड आत घेतला, फोटो काढला आणि होता तसा पाठवून दिला.

मिनिटभरात उत्तर आलं : "काका, बाबांना सांगा, मी निघालेय."

दादाने ते दोनदा वाचलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"गाढवा, एक फोटो नीट काढता येत नाही तुला," तो म्हणाला. पण माझा हात त्याने संध्याकाळपर्यंत सोडला नाही.