पट्ट्यासकट व्हय म्हाराजा

आचऱ्याच्या विश्राम मास्तरांनी २००६ साली गाडी घेतली, तेव्हा तिच्यात एक फुगा आहे ही बातमी गावात गाडीच्या रंगाआधी पोचली. स्टिअरिंगच्या पोटात घडी घालून बसलेला. गाडी आपटली की पापणी लवायच्या आत बाहेर येतो म्हणे. पुण्याच्या लेकीनं, ओवीनं, हट्टानं ही फुग्यावाली गाडी घ्यायला लावली होती. "छत्तीस वर्षं पोरांक शिकवलंय, आता फुग्यावांगडा खेळतंय," असं मास्तर स्वतःच सांगत फिरायचे.

फुगा त्यांनी सहन केला. सीटचा पट्टा नाही.

"पट्टो कुत्र्याच्या गळ्यात बरो दिसता," ते म्हणाले. "आणि एकदा देवाक गाऱ्हाणा घातल्यार पट्टो कित्याक? देवाच्या तोंडार सांगूचा, तुझ्यार आमचो इस्वास नाय?"

मास्तरांच्या बायकोनं, दुर्गाकाकूंनी, गाडीबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. आजवर ते वाचणाऱ्या त्या तालुक्यात एकट्याच असाव्यात. त्यात लिहिलं होतं की फुगा आणि पट्टा ही जोडी आहे. पट्टा नसेल तर माणूस फुगा नीट फुलायच्या आतच त्याच्यावर जाऊन पडतो, आणि मग वाचवायला आलेला फुगाच थोबाडीत देतो.

"अहो, गाडी दुसरी मिळेल," काकू म्हणाल्या. "नवरा मला एकच आहे."

"तोय जुना मॉडेल," मास्तर म्हणाले, आणि विषय मिटवला.

काकूंनी मिटवला नाही. खापरोळ्यांचा डबा घेऊन त्या लवू गावकराकडे गेल्या. गावाच्या वतीनं देवाशी बोलायचा, म्हणजे गाऱ्हाणं घालायचा, मान लवूचा. तो एकेक मागणं मागणार, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा व्हय म्हटलं की शब्द देवाच्या दप्तरी जमा.

गाऱ्हाण्याच्या दिवशी लवू नारळ घेऊन गाडीत शिरला आणि तो स्टिअरिंगपुढच्या फळीवर ठेवू लागला.

"तिथे नको हो, डिकीत ठेवा," काकू म्हणाल्या. "आपटली तर काचेवरून उसळून तोंडावर येईल."

"देवाचो नारळ डिकीत?"

"देवाला मागूनही दिसतं."

लवूनं खापरोळ्या आठवून नारळ डिकीत ठेवला आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान नवी गाडी घेतलेली आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत काय आडवा-तिडवा इला, तर ता बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि लेकरू गाडीत बसल्यार पयलो पट्टो लावीत, मगे चावी फिरवीत, अशी तेका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज मास्तरांचा. मग ते थांबले. न ऐकता 'हो' म्हटल्याबद्दल त्यांनी तीन पिढ्यांचे कान पिळले होते. आता पिळायला स्वतःचाच उरला.

शब्दाला पक्का माणूस. तोंड वाकडं करून पट्टा लावू लागला. महिन्याभरात तोंडही सरळ झालं. "हळू ओढलो तर येता, हिसको मारलो तर अडता," ते सांगत. "इतको शिस्तीचो विद्यार्थी माका छत्तीस वर्षांत गावलो नाय."

मग एका रविवारी मालवणच्या बाजाराला जाताना वळणावर म्हैस आडवी आली. मास्तरांनी म्हशीला वाचवलं आणि गाडी जांभ्या दगडाच्या गडग्यावर घातली.

लोक धावले तेव्हा गाडीचं नाक कागदाच्या होडीसारखं चुरगळलं होतं. दार मात्र एका हातानं उघडलं. आतून मास्तर उतरले ते फुग्याच्या पांढऱ्या भुकटीनं माखलेले, दशावतारातला राजा मेकअप अर्धा टाकून यावा तसे. उजव्या खांद्यावरून छातीवर पट्ट्याचा निळा वळ. बाकी सगळा माणूस जागच्या जागी.

"म्हस खंय आसा?" एवढंच त्यांनी विचारलं.

गॅरेजवाल्या काशीराम मिस्त्रीनं गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, देवळाभोवती माराव्यात तशा. "मास्तरानू, पुढचा सगळा मुद्दाम मऊ केलेला आसता. ता मोडता, धडक खाता, आणि माणसाकडे थोडीशीच सोडता. मगे पट्टो तुमका धरता, आणि फुगो डोक्याक झेलता. माझ्या जुन्या जीपीत असतास, तर जीप धड रवली असती, आणि तुमी…"

काकूंकडे बघून त्यानं वाक्य गिळलं. काकू नुसतं मास्तरांच्या मिशीवरची भुकटी पदरानं पुसत राहिल्या, संपली तरी.

डिकी उघडली, तर नारळ सीटच्या पाठीवर आपटून दुभंगलेला. "देवान आपलो नारळ आपणच फोडून घेतल्यान!" लवू म्हणाला.

"आणि तो माझ्या नाकासमोर असतो तर?" मास्तरांनी विचारलं. लवू खोबरं वाटायला लागला.

दुसरी गाडी आली. लवूनं हात जोडले. "बा देवा म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!" मास्तर गरजले.

"अजून काय मागूकच नाय हां, मास्तरानू!"

"पट्ट्याचा आधी माग," मास्तर म्हणाले. "यश-बिश मगे बघुया."