काचेच्या भट्टीपुढे बंद पडलेला कॅमेरा

तोंडावरचं झाकण काढलंत, बरं झालं. आता बोलता येईल. मी सिनेमाचा कॅमेरा. वाढदिवसाचे फोटो काढणारा नव्हे. मला खांद्यावर घेऊन माणसं दिवसभर उभी राहतात आणि घरी जाऊन पाठीला मलम चोळतात. माझ्या घडणीतला मी पहिला, नमुन्याचा.

अकरा माणसांच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कारखाना दोघा भावंडांचा. थोरली बहीण यंत्रांतली जाणकार. तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठे असलेले फोरमनसुद्धा. धाकटा भाऊ विक्रीचं बघायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून माझं अंग कोरून निघालं, तेव्हा फोरमननी प्रत्येक कडेवरून अंगठा फिरवून पाहिला. "कुठे टोचलं तर कॅमेरामन शिवी घालणार," ते म्हणाले, "आणि ती थेट माझ्या घरी पोचणार." माझ्या डोळ्याचा पडदा, म्हणजे सेन्सर, ताईंनी स्वतः बसवला. तो बसेपर्यंत खोलीत कुणी शिंकलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

मी कामाला चांगला निघालो. पण हे लोकांना कळणार कसं?

धाकट्याने कंबर कसली. मला काळ्या मखमलीवर बसवून निळ्या उजेडात माझे फोटो काढले. गुळगुळीत पत्रक छापून घेतलं. त्यात मी 'क्रांतिकारी' होतो, 'अद्वितीय' होतो, शिवाय 'उद्याच्या सिनेमाची दृष्टी' वगैरे होतो. स्वतःबद्दल एवढं वाचून मलाच अवघडल्यासारखं झालं.

मग एका मोठ्या प्रदर्शनात स्टॉल घेतला. काचेच्या पेटीत, फिरत्या तबकडीवर मला ठेवलं. शेजारी एका बड्या कंपनीचा स्टॉल. तिथे गाणी, दिवे, फुकट कॉफी. दोन दिवस मी नुसता गरगर फिरत राहिलो. लोक यायचे, माझ्याबरोबर स्वतःचा फोटो काढायचे, पत्रक घ्यायचे आणि दाराजवळच्या कचरापेटीत टाकून जायचे.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. वर्ष संपेपर्यंत मागणी आली नाही, तर कारखाना स्टॉलशेजारच्या त्या बड्या कंपनीच्या हवाली करायचं ठरलं होतं. ती कंपनी दारावरच्या घंटीत बसणारे कॅमेरे बनवायची. माणसं कामावर राहिली असती, पण दारात कोण आलंय एवढंच पाहणारे डोळे बनवत. कागद तयार होता. ताईंची सही तेवढी बाकी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. साठीच्या; उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा उतरलेला. माहितीपटांचं छायाचित्रण करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सगळं युनिट त्यांना मावशी म्हणतं, हे मला नंतर कळलं.

"खांद्यावर घेऊन बघू का जरा?"

"मॅडम, एकच नमुना आहे," धाकटा म्हणाला. "हात नाही लावता येणार."

"मग काय, लांबूनच नमस्कार करून जाऊ?"

ताईंनी पेटीचं कुलूप उघडलं.

मावशी मला घेऊन स्टॉलभर चालल्या, वाकल्या, गुडघ्यावर बसल्या, उठल्या. "पुढे जड आहे. ही मूठ बोटभर मागे हवी होती. आणि हे बटण इथे का? ते दाबायला मी तिसरा हात कुठून आणू?" धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. ताई मात्र एका पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर भराभरा लिहून घेत होत्या. मग मावशींनी मला ताईंच्याच चेहऱ्याकडे वळवलं आणि बराच वेळ माझ्यातलं चित्र बघत राहिल्या. "कातडी कातडीसारखी दिसतेय," त्या हळूच म्हणाल्या. "फार दिवसांनी."

"सहा आठवडे घेऊन जा," ताई म्हणाल्या.

"ताई, अगं!" धाकट्याला ठसकाच लागला.

मावशी तेव्हा एका म्हाताऱ्या काचकारागिरावर माहितीपट करत होत्या. चाळीस वर्षं तो एकाच भट्टीपुढे उभा होता आणि आता ती भट्टी कायमची विझायची होती. महिनाभर मी त्याचे हात पाहिले, नळीवरचे ओठ पाहिले, लाल काचेतून उजेड कसा झिरपतो ते पाहिलं. इतका सुखात मी कधीच नव्हतो.

शेवटच्या दिवशी त्याने एक मोठी बरणी फुंकायला घेतली. मावशी मला घेऊन भट्टीच्या पुढ्यातच गेल्या. माझ्या पोटात आग पडली होती, पण मी दम धरला. नळीच्या टोकावर काच फुगत होती, म्हाताऱ्याचे गाल भरून आले होते, केशरी रंग मधासारखा होत चालला होता. आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला.

पुन्हा शुद्धीवर आलो तोवर बरणी नळीवरून उतरली होती.

"मिळालं ना?" म्हाताऱ्याने घाम पुसत विचारलं.

"नाही मिळालं, दादा. कॅमेरा बंद पडला."

त्याने बरणीकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "असू दे. बरणी तर आहे."

मावशी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मऊ फडक्याने माझ्यावरची राख तेवढी पुसली. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

कारखान्यात परत आल्यावर मावशींनी सगळं फुटेज दाखवलं आणि जे घडलं ते सरळ सांगून त्या निघून गेल्या. ताईंनी मला उघडलं. आतली उष्णता बाहेर नेणारी पट्टी एका बाजूला टेकलीच नव्हती. नखाएवढी फट होती.

"पट्टी बदलू," धाकटा म्हणाला. "आणि बाकीचं फुटेज जाहिरातीत घालू. काय रंग आलेत, ताई! बंद पडल्याचं सांगायची गरजच काय?"

"आपण सांगूया."

"वेड लागलंय का तुला? मोठ्या कंपनीने चूक सांगितली तर लोक म्हणतात प्रामाणिक आहेत. आपण सांगितली तर म्हणतील, यांना जमत नाही."

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. फोरमनही मान खाली घालून उभे होते. ती पट्टी त्यांच्याच हातून बसली होती.

ताईंनी स्टूल ओढलं. "आपला कॅमेरा घेणारी माणसं किती आहेत? फार तर चारशे. ती सगळी एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या युनिटमध्ये जेवतात. कॅमेरा घेताना ती आपलं पत्रक वाचत नाहीत, मावशींना फोन करतात. मावशी खोटं बोलणार आहेत का?"

धाकट्याने हातातली पट्टी टेबलावर ठेवली.

"त्या चारशेंना ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपल्याकडून कळू दे. पण मला लिहिता येत नाही. तू लिही."

त्याने दोन दिवस लिहिलं. पहिल्या मसुद्यात 'क्षुल्लक तांत्रिक अडचण' होती. ताईंनी ती ओळ त्याला मोठ्याने वाचायला लावली. वाचता वाचता तो स्वतःच हसला आणि त्याने ती खोडली. शेवटी मावशींच्या आणि म्हाताऱ्याच्या परवानगीने त्यांनी तो प्रसंग जसाच्या तसा इंटरनेटवर लोकांपुढे ठेवला: बरणी फुगते, पडदा काळा होतो, आणि काळ्या पडद्यावर फोरमनचा आवाज येतो, "ही पट्टी मी बसवली होती. माझी चूक झाली. आता अशी बसवतो." खाली धाकट्याने लिहिलं होतं की हा कॅमेरा कुणाच्या कामाचा आहे आणि कुणी उगाच घेऊ नये, आणि ज्याला हवा त्याने आधी स्वतःच्या कामावर नेऊन वापरून बघावा.

प्रदर्शनानंतर दोन कॅमेरामननी मागणी नोंदवली होती; त्यांनी ती लगेच रद्द केली. धाकट्याने ताईंकडे असं पाहिलं की मलाच झाकणाआड लपावंसं वाटलं. आठवडाभर फोन वाजला नाही. मग एका कॅमेरामनचा आला. माझ्या बटणांवर तो वीस मिनिटं तोंडसुख घेत होता आणि धाकटा एकदाही मध्ये न बोलता लिहून घेत होता. सगळं बोलून झाल्यावर पलीकडून प्रश्न आला, "बरं, न्यायला कधी येऊ?"

वर्षअखेरपर्यंत चौदा मागण्या आल्या. चौदा म्हणजे काही डोंगर नव्हे. पण ताईंनी सही केली नाही.

आता माझी धाकटी भावंडं माझ्याहून गुणी आहेत. त्यांची मूठ बोटभर मागे आहे, बटण अंगठ्याखाली आहे. मी मात्र वापरून बघायला न्यायचा कॅमेरा म्हणूनच राहिलो. एकतीस कामांवर जाऊन आलोय. एक कोपरा चेपलाय, चित्रात उजवीकडे एक पांढरा ठिपका कायमचा उमटतो. कुणी न्यायला आलं की धाकटा माझी पेटी उघडण्याआधी तो ठिपका असलेलं चित्र दाखवतो.

आज तुम्ही मला नेणार आहात. मला जपा असं मी म्हणत नाही. काम करताना धक्के बसायचेच. पाऊस, धूळ, गर्दी, कुठेही न्या. एवढंच मागणं आहे: जिथे कमी पडेन, ते भिडेपोटी गिळू नका. परत येऊन या दोघांना सांगा. त्यांना वाईट वाटेल, धाकट्याला जरा जास्तच. तरी ते तुमच्यापुढे खुर्ची सरकवतील आणि दोघंही समोर बसतील.

चला, लेन्स लावा.