बाजेवरच्या फ्लॉप्या

पितांबर नारखेड्यांच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा जळगावच्या त्या गल्लीत दुसरा नव्हता. महिनाभर माणसं तो बघायला येत होती, चहा पिऊन जात होती, आणि लताबाईंनी भरतकाम करून त्याला झाकण शिवलं होतं. पुढे बघणारे आटले. विमा कचेरीतून आल्यावर पितांबर त्यावर पत्ते खेळायचा. एवढ्या पैशात पत्त्यांचे किती कॅट आले असते, हा हिशेब लताबाईंनी एकदाच तोंडावर मांडला आणि मग सोडून दिला, कारण नवऱ्याच्या नाकावर राग कायम बसलेला असायचा आणि त्याला उठवायची हौस त्यांना नव्हती.

मग एका मासिकात पितांबरने वाचलं, की परदेशातले काही गणितवेडे एक प्रचंड मोठी संख्या शोधतायत, स्वतःखेरीज आणि एकाखेरीज कशानेही भाग जात नाही अशी. काम एकट्यादुकट्या यंत्राच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून ज्याच्या घरी कॉम्प्युटर मोकळा पडला असेल, त्याने थोडं थोडं काम फुकट करून द्यायचं. त्यासाठी संघ काढायचे, आणि कोणत्या संघात कोणी किती काम केलं त्याप्रमाणे नावं वरखाली लागायची.

हे प्रकरण गल्लीतल्या बायकांना समजावून सांगायचं काम अर्थातच लताबाईंकडे आलं. त्यांनी ते एका दमात सांगितलं. उडदाचं पीठ एका घरी कुटतात, लाट्या करून वाटतात, आणि जी ती आपल्या पोळपाटावर लाटते, तसंच हे. बायकांना लगेच पटलं. पितांबरला मात्र विज्ञानाला पापडांच्या पंक्तीत बसवल्याचं वाईट वाटलं.

घोडं अडलं ते इंटरनेटपाशी. कामाची लाटी तिकडून आणायची आणि लाटलेला पापड परत पाठवायचा, तर इंटरनेट हवं. ते ओळखीत एकाकडेच होतं, धुळ्याला देवपुरात कॉम्प्युटरचे क्लास चालवणाऱ्या कौतिककडे. आणि कौतिक म्हणजे लताबाईंचा धाकटा भाऊ. पितांबर त्याच्याशी तीन वर्षांपासून बोलत नव्हता.

कारण ऐकलं तर कोणालाही हसू येईल, लताबाईंखेरीज. कौतिकच्या घराची वास्तुशांत होती. वरण-बट्टीचा बेत होता. पहिल्या पंगतीला कौतिकने त्याचे क्लासवाले आणि सासरची मंडळी बसवली, आणि पितांबरला, म्हणजे सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला, दुसऱ्या पंगतीला. दुसरी पंगत बसायच्या आतच पितांबर पोट जड असल्याचं सांगून उठला आणि बायकोला घेऊन थेट स्टँडवर गेला. पारोळ्याला बस थांबली तेव्हा जड पोटाने दोन ग्लास उसाचा रस घेतला, हे लताबाई विसरल्या नव्हत्या.

त्या दिवसापासून कौतिकचं जळगावला येणं बंद झालं. त्याचंही बरोबर होतं, न जेवता उठून जाणारा माणूस म्हणजे घराचा अपमान. पण या दोघांच्या मानपानात लताबाईंची अखाजी गेली. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ न्यायला येतो, लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. गल्लीतल्या बायका आपापल्या भावांबरोबर पिशव्या घेऊन निघायच्या आणि लताबाई ओट्यावर उभं राहून त्यांना हात करायच्या. भाऊ न्यायला आल्याशिवाय जायचं नाही, ही नुसती रीतच नव्हे तर त्यांचा स्वतःचाही हट्ट होता. आपल्या पायांनी गेलं तर माहेर कसलं, पाहुणचार झाला तो.

म्हणून फ्लॉपीचा मार्ग काढला तो त्यांनीच. पितांबरने कौतिकशी बोलायचं नाही, फक्त काम फ्लॉपीत भरून द्यायचं. ती फ्लॉपी असोद्याच्या भरताच्या वांग्यांबरोबर डब्यात घालून धुळ्याच्या एसटीने जाईल. कंडक्टर भटू त्यांच्या माहेरच्या गल्लीतला होता, त्याची काही हरकत नव्हती. कौतिक तिकडे काम पाठवेल, नव्या कामाची फ्लॉपी परत येईल. लताबाईंना वाटलं, फ्लॉपी जाते-येते तर एखाद्या दिवशी माणूसही येईल.

फ्लॉप्या इमानदारीने जात-येत राहिल्या. बोलणं मात्र चिठ्ठीपुरतंच राहिलं. पितांबर फ्लॉपीवरच्या चिठ्ठीत कचेरीच्या वळणाने लिही, ‘त्वरित पाठवणे.’ कौतिकचं उत्तर येई, ‘पाठवली. वांगी उत्तम होती.’ त्यावर पितांबर दिवसभर धुसफुसे, की याला वांग्यांची चव कळते, कामाची किंमत कळत नाही.

त्यात कौतिककडून संघाची यादी छापून आली. संघाचं नाव होतं खान्देश, आणि त्यात माणसं दोनच. पहिलं नाव कौतिकचं, दुसरं पितांबरचं. पितांबरने दोन्ही नावांवरून बोट फिरवलं आणि तो म्हणाला, “पुन्हा दुसऱ्या पंगतीला.”

झालं, सुंभ जळला तरी पीळ जाईना. कौतिकच्या वर नाव न्यायचं या एका ध्यासाने कॉम्प्युटर दिवसरात्र चालू लागला. कूलर आणि कॉम्प्युटर दोन्ही जोरात लावले की फ्यूज उडायचा, म्हणून चैत्राच्या उन्हात कूलर मंद आणि गणित जोरात. असोद्याहून येऊन राहिलेल्या सासूबाई, तानुबाई, पदराने वारा घेत त्या पेटीकडे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. तानुबाई बोलल्या नाहीत म्हणजे त्यांना काही दिसत नव्हतं, असा समज मात्र गल्लीत कोणी करून घेत नसे.

अखाजी तोंडावर आली. पितांबरच्या यंत्राने तोवरचं सगळ्यात मोठं काम संपवलं. त्याने ते दोन फ्लॉप्यांत भरलं आणि कॉम्प्युटरमधली प्रत पुसून टाकली. डबा भरला की परात घासून ठेवायची, ही शिस्त त्याला आईकडूनच मिळाली होती. फ्लॉप्या त्याने कूलरखालच्या खणात ठेवल्या, दुसऱ्या दिवशी भटूकडे द्यायला.

सकाळी लताबाई गच्चीवर बाजेवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या. तानुबाई जिना चढून आल्या, त्यांच्या हातात दोन्ही फ्लॉप्या होत्या.

“काय वो लता, ह्या चकत्या दमट लागू राह्यल्या. कूलरचं पानी बसलं यायच्यावर. जरा ऊन दाखवते.”

या घरात ओलसर झालेल्या प्रत्येक वस्तूला ऊन दाखवायची रीत होती. डाळ, गाद्या, लोणच्याच्या बरण्या, एकदा तर पितांबरचं मॅट्रिकचं प्रमाणपत्रसुद्धा. तानुबाईंनी फ्लॉप्या बिबड्यांच्या रांगेत नीट मांडल्या आणि खाली गेल्या.

जळगावचं ऊन. लताबाईंना ठाऊक होतं तिथे प्लास्टिकच्या बादलीचं काय होतं ते. त्या हात लांबवणार, एवढ्यात खाली गल्लीत पाळणेवाल्यांच्या लीलाबाईला न्यायला तिचा भाऊ आला. सायकल भिंतीला टेकवून त्याने ओट्यावरूनच बहिणीला हाक मारली. लताबाईंनी ती हाक ऐकली. मग त्यांनी हात मागे घेतला, कढईतलं पीठ घेतलं आणि पुढची बिबडी थापली.

दुपारी पितांबर आला तोवर फ्लॉप्या कुरडईसारख्या वळल्या होत्या. तो बाजेसमोर उभा राहिला. त्याच्या आईने चकत्यांना ऊन दाखवल्याचं सांगितलं, आणि आईला बोलायची सोय नव्हती. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं काहीतरी पुटपुटत तो जिन्याच्या पायरीवर बसला. रागावला असता तर लताबाईंना बरं वाटलं असतं. तो रागावला नाही, वळलेली फ्लॉपी मांडीवर घेऊन बोटांनी सरळ करत राहिला. ते काम त्याने खरोखर मनापासून केलं होतं, हे त्यांना तेवढ्यात कळलं.

त्या तडक कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेल्या आणि धुळ्याला फोन लावला. कौतिक आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, की पुसलेलं लगेच जात नाही, त्यावर दुसरं काही लिहिलं नाही तर परत काढता येतं. यंत्र बंद करा, हात लावू नका, आणि पेटी भटूबरोबर धुळ्याला पाठवा.

“पेटी नाही येणार,” लताबाई म्हणाल्या. “तूच ये.”

“अक्का, दाजी घरात घेतील का?”

“घर माझंही आहे.”

यंत्र बंद होतं ते दोन दिवस पितांबरने फार हाल सोसले. कूलर मात्र भरपूर चालला. बायको भावाला बोलावते आहे हे कळल्यावर तो ‘मी काही बोलणार नाही’ एवढंच बोलला, आणि बाजारात जाऊन स्वतः निवडून वांगी घेऊन आला.

कौतिक आला. दोघांनी एकमेकांकडे न बघता नमस्कार केला. कौतिक यंत्रासमोर बसला, पितांबर त्याच्या खांद्यामागे उभा राहिला, आणि दोघेही कॉम्प्युटरशी बोलू लागले. ‘आता हे बघू,’ कौतिक पडद्याला सांगे. ‘ते खालचं असेल,’ पितांबर पडद्याला सांगे. बाराच्या सुमाराला काम सापडलं, सगळंच्या सगळं. पितांबरने डोळे पुसले आणि कूलरची धूळ गेल्याचं सांगितलं.

लताबाईंनी ताट वाढलं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. कौतिक पाटावर बसला. पितांबर तुपाचं भांडं घेऊन उभा.

“दाजी, तुम्हीही बसा,” कौतिक म्हणाला.

“आधी पाहुणा. घरचे मागून बसतात.”

कौतिकने बट्टी मोडायचा हात थांबवला. “मग त्या दिवशी मी दुसरं काय केलं, दाजी? परके आधी जेवून घेतले. दुसऱ्या पंगतीला घरचेच होते. तुमच्या शेजारचा पाट माझा होता.”

पितांबरच्या हातातलं तूप वरणावर पडत राहिलं, वाटीबाहेर आलं, ताटात पसरलं, तरी कोणी बस म्हणालं नाही.

लताबाईंना हसावं, रडावं की दोघांच्या पाठीत लाटणं घालावं, कळेना. “हे तेव्हाच सांगता येत नव्हतं?” त्या म्हणाल्या. “आणि ह्यांना विचारता येत नव्हतं? माझ्या तीन अखाज्या गेल्या त्या पाटापायी.”

मग पितांबरने तुपाचं भांडं खाली ठेवलं, भिंतीजवळचा दुसरा पाट आणला आणि कौतिकच्या शेजारी मांडून बसला. जेवण होईस्तोवर त्यांचं बोलणं चाललं होतं ते सगळं त्या मोठ्या संख्येबद्दल, जिला कशाने तरी भाग गेला होता आणि म्हणून ती काही कामाची नव्हती. पण केलेल्या कामात मोजली जाणार होती.

कौतिक लताबाईंना अखाजीला घेऊन निघाला, तेव्हा पितांबर मोठ्या मनाने म्हणाला, की यादीत माझं नाव खालीच राहिलं तरी चालेल, घरच्यांनी मागून बसायचं असतं. आणि स्टँडपर्यंत जाताना त्याने दोनदा विचारलं, की आज संध्याकाळीच पाठवशील ना.

त्याआधी लताबाई पिशवी भरून सासूबाईंच्या पाया पडल्या. तानुबाईंनी त्यांना उठवलं, पदर नीट केला, आणि पोराच्या कानावर जाणार नाही हे बघून हळूच विचारलं, “पुढच्या सालीबी घालू का वो चकत्या उनात?”